देवमाशाचा दहावा

ज्योतीराम माणदेशातला. तिकडं नदी आहे म्हणतात. पावसाळ्यात चार दिवस वाहते आणि उरलेलं वर्षभर लोक तिच्यातून बैलगाड्या हाकतात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला मासा ठाऊक असणार तो शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापुरता. आणि नेमक्या ह्याच माणसानं सासुरवाडीत जाऊन देवमाशाची थाप मारावी, आता ह्याला काय म्हणावं!

थाप मारली ती मुलगी बघायला गेला त्या दिवशी. पिंपरीत औषधाचा नवा कारखाना निघाला होता, तिथं बाटल्या धुण्याच्या खात्यात लागून त्याला सहा महिने झाले होते. चुलत्याला बरोबर घेऊन तो दिघीला धर्माजीच्या ओसरीवर जाऊन बसला. धर्माजी म्हणजे मुलीचा बाप. अंगानं किडकिडीत, पण मिशी अशी की आधी मिशी दिसायची आणि मग मागनं धर्माजी. पोहे झाले, चहा झाला, आणि बोलणं जे खुंटलं ते खुंटलंच. तेवढ्यात धर्माजीचा भाऊबंद हिंदुराव खांबाला टेकून म्हणाला, "पाव्हणं, कंपनीत सायब हायसा का हमाल?"

झालं! पडद्याआड मुलगी, शालन, उभी, बांगड्या वाजताहेत, आणि हा असला प्रश्न. ज्योतीरामाची जीभ सुटली. "कंपनीच्या कामानं मुंबईला जाणंयेणं असतं," तो म्हणाला. "परवाच मत्स्यालय बघून आलो."

"म्हंजी?"

"समुद्रातले मासे काचेच्या पेट्यांत ठेवलेत. तिकीट काढून बघायचे. एक तर देवमासा आहे."

"केवढा आसंल?"

ज्योतीरामानं इकडंतिकडं पाहिलं. "ह्या ओसरीपासून त्या गोठ्यापर्यंत," तो म्हणाला, आणि कुठं थांबावं हे न कळून पुढं म्हणाला, "माझ्याकडं बघून डोळा मिचकावला त्यानं."

खरं सांगायचं तर हा गडी लोणावळ्याच्या पुढं कधी गेलेला नव्हता. मत्स्यालयाचं चित्र त्यानं फोरमनच्या डब्याला गुंडाळलेल्या पेपरात पाहिलं होतं, तेही तेलानं अर्धं भिजलेलं. पण धर्माजीनं मिशीवरनं हात फिरवला आणि जाहीर करून टाकलं, "पोरगं जग बघितल्यालं हाय. आपल्याला पसंत."

लग्न झालं, दोन वर्षं गेली. थाप मारणारा विसरला असता, पण ऐकणारा विसरेल तर ना! धर्माजीनं तो मासा पारावर नेला, बाजारात नेला, भोसरीच्या जत्रेत नेला. ओसरीपासून गोठ्यापर्यंतचा मासा गोठा ओलांडून उकिरड्यापाशी पोचला. हिंदुराव दात काढून म्हणायचा, "मागल्या साली कांदा घिऊन मुंबैला गेलतास की, तवा का न्हाई बघून आलास?" त्यावर धर्माजी खेकसायचा, "गोणी रस्त्यावर टाकून मासं बघत हिंडू व्हय? माझा जावई म्हणतो हाय, म्हंजी हाय!"

हे ऐकलं की ज्योतीरामाचे कान तापायचे. त्याचा बाप तो पाच वर्षांचा असतानाच गेलेला. 'माझा' म्हणून चार लोकांत त्याच्या बाजूनं बोलणारा धर्माजी हा पहिलाच माणूस. त्याच्या नजरेतून उतरायची ज्योतीरामाची छाती होईना. आज सांगू, उद्या सांगू असं करत दोन वर्षं त्यानं ती थाप तशीच पोसली.

आणि मग आला धोंड्याचा महिना. त्या साली श्रावण अधिक होता, आणि ज्योतीरामाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे. वाण दिलं की जावयानं नको म्हणायचं नाही. म्हटलं तर सासरचं पुण्य गेलं.

रविवारी ज्योतीराम शालनला सायकलवर डबलसीट घेऊन दिघीला गेला. धर्माजीनं त्याला पाटावर बसवलं आणि तांब्या घेऊन त्याचे पाय धुवायला वाकला. वाकलेल्या म्हाताऱ्याची मिशी ज्योतीरामाच्या घोट्याला लागली. इतकी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती. पाय आखडून घ्यावेत आणि उठून सरळ पिंपरीची वाट धरावी असं त्याला वाटलं. पण विष्णूला तसं करता येत नाही.

सासू गवराबाई अनारशांची परात घेऊन आली. तिच्यामागं शालन दुसरी परात घेऊन आली.

"मामी, दोन?" ज्योतीराम म्हणाला.

"एक तुमची," गवराबाई म्हणाली, "आन् एक त्येची."

"कुणाची?"

"देवमाशाची! आवं, इष्णूचा पयला अवतार मासा. जावयाला तेहतीस दिलं आन् त्याला न्हाई दिलं, तर बरं दिसतंय का? ही नुसती वानगी हाय. जायच्या टायमाला ताजं तळीन. आवंदा निरांजन न्हाई, तांब्या न्हाई. समद्यांनी मिळून मुंबैला जायाचं, तुमी त्यो मासा दावायचा, आन् म्या माज्या हातानं त्येला अनारसं घालायचं. ह्येच तुमचं वाण."

ज्योतीरामाच्या तोंडात धोंड्याचा घास होता. तो वर येईना की खाली जाईना.

"आगं, पर..." धर्माजी म्हणाला आणि तिथंच थांबला, कारण दारात हिंदुराव उभा होता. धोंड्याच्या जेवणाला न बोलवता येण्याचा त्याला मानच होता जणू. "व्वा!" हिंदुराव म्हणाला. "म्या बी येतो. माझ्याजवळ शेत मोजायची दोरी हाय. ओसरीपासनं गोठ्यापतूर मोजून घितो आन् मग तितं काचंला लावून बघतो. काय धर्मा, जायाचं न्हवं?"

आता गावादेखत 'नको' कोण म्हणणार? धर्माजी तंबाखू मळत बसला. किती तरी वेळ मळत बसला. म्हाताऱ्याला राग आलाय, त्याला शंका आलीय, असं ज्योतीरामाला वाटलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

बायकांनी मात्र तिथंच बेत रचायला घेतला. पुढचा सोडून त्याच्या पुढचा रविवार ठरला. पिंपरीहून सकाळची पॅसेंजर गाठायची, तर दिघीहून बैलगाडी किती वाजता जुंपायची. भाकरी किती, ठेचा लाल की हिरवा. समुद्राचं पाणी खारट, तर घरनं घागर न्यायची का कळशी. धर्माजीची विधवा बहीण सोजराबाई, तोंडात दात चार आणि शब्द चारशे, म्हणाली, "मला जुनेर नगं. मासा का आसंना, परक्या पुरुषाच्या नजरंला पडायचं म्हंजी धड लुगडं पायजे."

"आत्याबाई, घाटात दरडी कोसळताहेत," ज्योतीराम म्हणाला. "गाडी अडकते."

"अडकू दे. भाकरी हाय, ठेचा हाय. घाट बघत बसू."

"मला सुट्टी मिळंल असं वाटत नाही."

"रविवारी कंपनी बंद आसती," शालन हळूच म्हणाली. ह्या बायकोला कधी बोलावं हे कळेल तर शपथ.

"गोड खाल्लेलं माशाला सोसत नाही."

"तुमी इचारून आलासा व्हय?" सोजराबाई म्हणाली.

घरी परतताना शालन सायकलच्या दांड्यावर बसून गाणं गुणगुणत होती. लग्नानंतर इतकी खूश ती पहिल्यांदाच दिसली. ज्योतीराम मागं बसल्या बसल्या पायडल मारत घामाघूम झाला होता, आणि तो घाम काही चढामुळं आलेला नव्हता. मुंबईला जायचं, मत्स्यालयाच्या दारात उभं राहायचं, आणि सासऱ्यानं हिंदुरावासमोर विचारायचं, पाव्हणं, कुठाय? त्या क्षणाला आपलं तोंड कसं दिसेल ह्याचा विचार करून करून त्याची झोप उडाली. सोमवारी त्यानं चार बाटल्या फोडल्या, मंगळवारी सात. बुधवारी दुपारी आठवी बाटली हातात असताना त्याला उपाय सुचला.

मासा मारून टाकायचा!

संध्याकाळी तो दिघीला पोचला तोच पडलेल्या चेहऱ्यानं. तो चेहरा काही त्याला मुद्दाम पाडावा लागला नाही. ओसरीवर सगळे होते. "कंपनीचा ड्रायव्हर मुंबईहून आला," त्यानं सांगितलं. "वाईट बातमी आहे. आपला देवमासा काल मंगळवारी गेला."

 एक मोठा हुंदका ऐकू आला. ज्योतीरामाला वाटलं, सासूबाई. पण रडत होता धर्माजी! डोळ्याला उपरणं लावून, खांदे हलवत म्हातारा रडत होता. "गेला रं गेला," तो म्हणाला. "सुटला बिचारा एकदाचा."

"कशानं गेला?" सोजराबाईनं विचारलं.

"ताप होता म्हणे."

"तुमची कंपनी औषीद करती न्हवं? मग सुई न्हाई टोचली?"

"टोचली. पण एवढ्या अंगाला सुई काय लागणार?"

"मग त्येचं केलं काय? जाळला का पुरला?"

"समुद्रात सोडला, आत्याबाई."

"म्हंजी अस्थी बी न्हाईत!" सोजराबाईनं कपाळाला हात लावला. गवराबाई चुलीपुढं जाऊन बसली. नव्या अनारशांसाठी तीन दिवस भिजवलेले तांदूळ पाटावर पसरलेले होते, त्यांच्याकडं ती बघत राहिली. शालननं ट्रंकेतून काढलेलं लग्नातलं लुगडं पुन्हा घडी घालून ठेवलं. ते बघून ज्योतीरामाला आपली सुटका झाल्याचा आनंद काही होईना. बायकांचा एक दिवस मारला होता त्यानं, माशाबरोबर.

बातमी ऐकून हिंदुराव आला. हसू मिशीत लपवण्याची त्याला गरजही वाटली नाही. "बरा मेला! आमी दोरी मोजून ठिवली आन् ह्यो मेला!"

धर्माजी ताडकन उठला. "हसतूस काय, मुडद्या? घरातलं माणूस गेलंय माझ्या. दहावा करनार हाय म्या. इंद्रायणीवर, रीतीनं. तू बी यायाचं जेवायला."

ज्योतीरामानं दोन्ही हात जोडले. "मामा, माशाचा दहावा?"

"दोन वर्सं त्येचं नाव माझ्या तोंडात व्हतं," धर्माजी म्हणाला. "आता त्येला असा वाऱ्यावर सोडू व्हय?"

भटजी आधी तयारच होईना. म्हणाला, "माशाचं गोत्र काय सांगू?"

"ज्येचं गोत्र म्हाईत नसतं त्येचं कश्यप धरत्यात न्हवं? मग धरा की," धर्माजी म्हणाला. शिध्यात तूप चांगलं असेल एवढं कबूल करून घेऊन भटजीनं कश्यप धरलं.

पुढच्या गुरुवारी दहावा दिवस. ज्योतीराम दुसरी पाळी बदलून घेऊन इंद्रायणीच्या काठाला पोचला आणि जागच्या जागी उभा राहिला. एक अनोळखी म्हातारा ओल्या धोतरात पाटावर बसला होता. बाजूला गवराबाई नसती तर तो धर्माजी आहे हे त्याला कळलंही नसतं. मिशी नव्हती! न्हाव्यानं डोकं केलं होतं आणि मिशीही काढली होती. उघड्या पडलेल्या वरच्या ओठावर पांढरी पट्टी दिसत होती. चाळीस वर्षं ज्या मिशीला कुणी बोट लावलं नाही, ती ह्या माणसानं एका बाटल्या धुणाऱ्याच्या थापेपायी वाहत्या पाण्यात सोडली होती. बघायला अर्धं गाव जमलं होतं. हिंदुरावसुद्धा खाली बघत होता. ज्योतीरामाला भडभडून आलं.

पिंड मांडला. दर्भ, तीळ, वर दह्याचा ठिपका. सगळे दहा पावलं मागं सरले. समोर बाभळीवर पाच-सहा कावळे होते. ते पिंडाकडं बघत होते आणि पिंड त्यांच्याकडं. एकही हलेना.

पाव तास झाला. अर्धा तास झाला.

"इच्छा ऱ्हायली आसंल," गवराबाई म्हणाली. मग सगळ्यांनी आपापल्या परीनं माशाची समजूत घातली. गवराबाईनं दर अधिक महिन्यात नदीत अनारसे सोडीन म्हणून सांगितलं. सोजराबाई म्हणाली, "बाबा, माझं काय चुकलं आसंल तर पोटात घाल. तुझं पोट मोठं हाय." कावळे ढिम्म.

तेवढ्यात हिंदुरावाला हुशारी आली. "कावळ्यास्नी कळतंया," तो म्हणाला. "कोन मेलंच न्हाई, तर शिवायचं कशाला?" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"दर्भाचा कावळा करू," भटजी म्हणाला. त्याला उन्हाचा ताप होत होता. "त्याचा स्पर्श चालतो."

"दर्भाचा कावळा? मग मासा बी दर्भाचाच आसंल की!" हिंदुराव म्हणाला, आणि आता उघड उघड चारजण हसले.

धर्माजीनं मिशीवर ताव द्यायला हात वर नेला. हात उघड्या ओठावरनं तसाच फिरून खाली आला. "पाव्हणं," तो म्हणाला, "त्येची वळख तुमालाच. तुमी बोला काय ते."

ज्योतीराम पुढं झाला. सासऱ्याच्या शेजारी उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले, आणि दोन वर्षं घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पुटपुटत, पण आलं. "मी मुंबई पाहिलेली नाही. देवमासा पाहिला नाही. मासाच नव्हता. चुकलो मी. मामांच्या माथी ह्याचा दोष मारू नको, त्यांची मिशी गेली तेवढं पुरे. ह्या सगळ्यांना मी मुंबईला नेईन, जे काय असेल ते दाखवीन, समुद्र दाखवीन. आता तरी ये, बाबा."

आणि आला की कावळा! एक आला, त्याच्यामागं बाकीचे आले, आणि पिंडाचा एक कण शिल्लक ठेवला नाही. "शिवला! शिवला!" म्हणून गलका झाला. हिंदुरावाचा जबडा खाली आला तो बराच वेळ वर गेला नाही.

"काय बोलला वो?" गवराबाईनं लगबगीनं विचारलं. "काय इच्छा व्हती त्येची?"

ज्योतीरामानं घसा खाकरला. "तुम्हां सगळ्यांना मुंबई दाखवायची राहिली म्हणाला. मी शब्द दिलाय."

"म्हंजी जायाचं!" सोजराबाई ओरडली. शालननं पदर तोंडाला लावला, पण डोळे काही लपले नाहीत. गवराबाईनं बोटं मोजली. "आज दहावा. रविवारी तेरावा. तेराव्याचं ग्वाड तितंच करू, त्येच्या दाराम्होरं. तांदूळ हाईतच भिजिवल्यालं!" आणि त्या तिघी तिथंच, पिंडाच्या जागेवर, भाकरी किती आणि ठेचा कुठला ह्यावर पुन्हा आल्या.

ज्योतीराम नदीवर पाय धुवायला उतरला. धर्माजीही उतरला. दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"मामा," ज्योतीराम म्हणाला, "मी तिथं जे पुटपुटलो..."

"ऐकलं म्या."

ज्योतीराम खाली बघत राहिला. आता हा माणूस आपल्याला काय म्हणेल ते म्हणू दे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"कांदा घिऊन गेलतो न्हवं मागल्या साली," धर्माजी म्हणाला, "तवा पयल्या झूट तितंच गेलो. म्हणलं, माझ्या जावयाचा मासा बघून यावा. समद्या पेट्या बघितल्या. दोन येळा बघितल्या. तितल्या शिपायाला इचारलं, देवमासा कुठं ठिवलाय? त्यो आसा हसला माझ्याकडं!"

"वर्षभर ठाऊक होतं तुम्हाला?" ज्योतीरामानं मान वर केली. "मग मला का नाही विचारलं?"

"इचारलं आसतं तर तू खोटा पडला आसतास," धर्माजी म्हणाला. पाव्हणं, तुमी, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. "माझ्या पोरीचा नवरा तू. मग म्हणलं, म्याच जरा मोठ्यानं सांगत ऱ्हातो. हसायचं आसंल तर लोक मला हसत्याल. म्हाताऱ्याला हसलं तर काय बिघडतंय? पर ह्या बाईनं अनारसं काढलं आन् माझी बोबडीच वळली! तू मासा मारलास म्हणून वाचलो बग. तवाचं रडू खरंच व्हतं रं."

"आणि मिशी, मामा?"

"ती यील म्हैन्या-दीड म्हैन्यात."

ज्योतीराम वाकला आणि वाहत्या पाण्यात हात घालून त्यानं सासऱ्याचे पाय चोळून चोळून धुतले. धर्माजीनं धुऊ दिले. काठावरनं भटजी ओरडला की सुतकात असलं काही सांगितलेलं नाही, पण त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मग डोळे पुसत ज्योतीरामानं विचारलं, "मामा, तिथं सगळ्यांत मोठा मासा केवढा होता?"

धर्माजीनं दोन तळहात समोरासमोर धरले, भाकरीएवढं अंतर ठेवून. तेवढ्यात काठावर हिंदुराव उभा राहून आपल्याकडंच बघतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हात रुंदावले. आणखी रुंदावले. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत ताणले, आणि तरी पुरेनात तेव्हा कोपरानं जावयाला ढोसून म्हणाला, "बघतूस काय? तुझा बी एक हात लाव."

ज्योतीरामानं हात पसरला.